घामाचा एक गुण

“घाम औषध तुटल्याचा आहे की त्या दुलयांचा, ते आधी बघा!”

“तेवीस वर्षं पोरं बघतेय मी, डॉक्टर. घाम मला शिकवू नका!”

धुलाईघरासमोर डॉक्टर केसलर आणि नर्स व्हर्ना यांची अशी जुंपली होती, तेव्हा ऑर्फा दाराआड चादरी घडी करत होती. दुसऱ्यांची भांडणं तिला आवडायची, पण यातलं काही कळलं नाही. मग चादरीसारखीच त्याचीही घडी घालून तिनं ठेवून दिली.

वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या त्या इस्पितळात ऑर्फा धुलाईचं काम करायची. खाणी बंद पडल्या, दुखणं थांबवायच्या गोळ्यांच्या नशेनं घरंच्या घरं धरली, आणि बाळांच्या खोलीत कापरं भरलेली, किंचाळणारी पोरं येऊ लागली. पोटात असताना आईच्या नाळेतून मिळणारं औषध जन्मल्याबरोबर तुटायचं, त्याचा तो त्रास. व्हर्ना दर तीन-चार तासांनी कागद घेऊन बसायची. कापरं किती, शिंका किती, दूध ओढतो का, घाम आहे का, सगळ्याला गुण. ओळीनं तीनदा आठ किंवा वर गेले, की मॉर्फिनचे थेंब सुरू आणि मुक्काम कित्येक आठवडे लांबणार.

ऑर्फाला वाटे, गार कापड पोराच्या अंगाला लागूच नये. कपडे सुकवायच्या यंत्रातून गरमागरम काढली की दुलई छातीशी धरून ती पळत सुटायची.

त्या भांडणाला नऊ वर्षं झाली, तेव्हा बाळांच्या खोलीत टॅन्सी नावाच्या पोरीचा रूफस तीन दिवसांचा होता. दोनदा आठ झाले होते.

“मावशी, आणखी एकदा आठ आले की त्याला औषध,” टॅन्सी रडवेली झाली. “दीड वर्ष मी त्या गोळ्यांना शिवले नाही. त्या सुटाव्यात म्हणून डॉक्टरांनी दिलेलं औषधच तेवढं घेतलं. तरी याला का हा भोग?”

“रडू नकोस पोरी. थांब, आणखी एक गरम दुलई घालते याला.”

तिसरी दुलई खोचताना ऑर्फाचा हात रूफसच्या कपाळाला लागला. ओलं चिंब! तिथंच ती जुनी घडी उलगडली.

“अगं व्हर्ना, धाव! हा घाम माझा आहे!”

व्हर्नानं चष्म्यावरून पाहिलं. “तुझा? मग तुलाही गुण देऊ का?”

“थट्टा पुरे, मेले! तीन दुलया कोंबल्यात मी. तुझा तो डॉक्टर हेच सांगत होता!”

व्हर्नाचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं. इतक्या वर्षांनी भांडण हरायचं, तेही धुलाईवालीपुढं! पण बाई सचोटीची. तिनं बाळाचा ताप पाहिला, दुलया मोजल्या.

“लिहिलेले आठ खोडणार नाही. शेजारी दुलयांचं लिहिते. काढ आता सगळं. टॅन्सी, उघड्या छातीशी घे त्याला, पोटभर पाज. मग बघू.”

रूफस प्याला, उचकला, झोपला. मोजताना कापरं होतंच. वर पठ्ठ्या दोनदा शिंकला. टॅन्सीनं श्वास धरला, जणू तिसरी शिंक तिच्याच नाकात अडकली होती.

“सात,” व्हर्ना म्हणाली. “आणि यात माझी मेहेरबानी नाही.”

पुढं सहा झाले, मग चार. आठवड्यानं एकही थेंब न घेता रूफस घरी गेला. टॅन्सीनं ऑर्फाला सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी दिली. अर्धी व्हर्नानंच संपवली.

ऑर्फाच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी खाली केक कापायचा होता, तेवढ्यात बाळांच्या खोलीतून दुलई मागवली. तिनं यंत्रातून एक काढली, टेबलावर पसरली, निवू दिली.

“दुसरं कुणी नेईल ना, म्हातारे,” व्हर्ना ओरडली. “सगळे खोळंबलेत!”

“खोळंबू देत. अजून गरम आहे.”

तिनं दुलई गालाला लावून पाहिली, आणखी जरा थांबली, आणि ती एकच घेऊन वर गेली.