३४६५ कार्नेशन

स्लिवेनच्या लोकरीच्या गिरणीत हरलांपी गोदाम सांभाळायचा. मी तिथेच हिशेबखात्यात होतो. आठ मार्चला गिरणीतल्या प्रत्येक बाईला कार्नेशनची फुलं द्यायची आणि सगळ्यांना सारखीच द्यायची, हा रिवाज. फुलं मागवण्याचं काम त्याच्याकडे होतं.

आदल्या वर्षी ऐन वेळी काही बायका आल्याच नाहीत. एकही फूल वाया जाऊ नये म्हणून त्यानं आलेल्यांना चार-चार वाटली. समान वाटणीच्या नादात तो विसरला, की आमच्याकडे जिवंत माणसाला विषम फुलं देतात. सम फुलं कबरीवर जातात. बायकांनी ते गुच्छ फाटकाला उलटे टांगले.

"पुन्हा असं झालं तर गोदाम सोड आणि रंगखात्यात जा," डायरेक्टर गेन्चेव म्हणाले. रंगखात्यात दिवसभर वाफ, आणि हरलांपीला दमा.

यंदाही मागणी महिनाभर आधी द्यायची होती आणि बायकांचा आकडा ठरत नव्हता. मी त्याला तीन आकडे काढून दिले: दुसरी शाखा आली तर ११५५, नाही आली तर ६९३, एक पाळी बंद राहिली तर ४९५.

"किती मागवतोस?" मी विचारलं.

"तीन हजार चारशे पासष्ट."

"पस्तीसशे कर की. लिहायला बरं."

"पस्तीसशे सम आहे. माझ्या संख्येचा एकही भाजक सम नाही. कशीही सारखी वाट, वाट्याला विषमच येणार. आणि तुझ्या तिन्ही आकड्यांनी भाग जाणारी सगळ्यात लहान संख्या हीच. तीन, पाच नाहीतर सात." मग आवाज खाली आणून म्हणाला, "चोवीस भाजक आहेत. ती स्वतः सोडून बाकीच्यांची बेरीज तिच्याहून जास्त भरते. विषम संख्येत असं क्वचितच."

"हे घरी सांगतोस?"

"सांगितलं. स्तामेना म्हणाली, मग तिच्याशीच लग्न करायचं होतंस."

शाखा आली नाही. आठ मार्चला सभागृहात पाच-पाच वाटत तो रांगेच्या टोकाला पोचला. शेवटी उभी होती सूतकताईतली स्तामेना, त्याची बायको. खोक्यात चारच फुलं उरली होती.

"चार? मला पुरायची एवढी घाई झाली का रे?"

हरलांपीनं पुन्हा खोकं पाहिलं, मग व्यासपीठाकडे पाहिलं. भाषणाला उभे राहिलेल्या गेन्चेवांच्या कोटाला लाल कार्नेशन होतं. तो वर चढला.

"साहेब, ते फूल द्या."

"अरे, एका फुलानं काय होतंय?"

"तीन हजार चारशे चौसष्ट होतात."

गेन्चेवांनी सभागृहाकडे पाहिलं. स्तामेनानं चारही फुलं उलटी धरली होती. ते स्वतः खाली उतरले आणि कोटाचं फूल तिच्या हातात दिलं. "घ्या बाई. भाषण मी फुलाशिवायही करतो."

"आटोपतं घ्या म्हणजे झालं," स्तामेना म्हणाली. बायका हसल्या.

हरलांपी गोदामातच राहिला. पुढच्या वर्षी डायरेक्टरांचं एक फूल धरून मी मागणीत ३४६६ लिहिलं. त्यानं कागद परत पाठवला. "ते एक वेगळ्या कागदावर," म्हणाला. तेव्हापासून दरवर्षी आम्ही दोन मागण्या मंजूर करत होतो.