वस्तरा पुसायचा कागद

रामा न्हावी दर आठवड्याला पोलादपूरहून मिनीडोरने यायचा, कशेडी घाटाच्या पायथ्याला उतरायचा आणि काठी टेकत वाडी चढायचा. सत्तरी ओलांडली तरी त्याच्या हाताला कंप नव्हता, आणि त्याचा त्याला भारी ताठा. पन्नास वर्षांत कुणाच्या गालावर ओरखडा नाय, हे तो ज्याला त्याला सांगायचा. विचारलं नाही तरी सांगायचा.

हात शाबूत होता. डोळे गेले होते. होळीपासून समोर धूर बसला होता, तो दसरा आला तरी हटला नव्हता. घरी सांगितलं असतं तर सुनेने वस्तऱ्याची धोकटी खुंटीला टांगली असती, म्हणून रामा गप्प. गिऱ्हाइकं एकेक करून सुटली. उरला एकटा रावजी. लहानपणी दोघांनी मिळून गुरं राखलेली.

पण रावजीची गोष्ट आता साधी राहिली नव्हती. दोन महिन्यांमागे मुंबईला त्याच्या काळजात स्प्रिंग बसवून आणलेली. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या. जरा कापलं तरी रक्त थांबता थांबणार नाही, असं डॉक्टरने बजावलेलं. मुलाने, किशोरने, दाढीचं मशीन घेऊन दिलं. रावजीने ते माळ्यावर टाकलं. म्हणाला, "भुंग्यासारखं कानात ओरडतंय. माझी दाढी रामाच करील."

आज पडवीत खुर्ची मांडून झाली, साबण फेसाळला, आणि रावजीची बायको ठकूबाई वर्तमानपत्र घेऊन आली.

"भावजी, वस्तरा हातावर नका पुसू. ह्या कागदावर पुसा. रक्त आलं तर मला दिसलं पायजे."

"रक्त कुठून येतंय वैनी?" रामा हसला खरा, पण कागद हातात घेईना. हातावर पुसलं की त्याला कळायचं. गार लागलं तर साबण, कोमट लागलं तर रक्त. कागद त्याला काय सांगणार होता?

नाय म्हणावं तर का म्हणून सांगावं लागलं असतं. त्याने कागद मांडीवर घेतला.

अंगठ्याने कातडी ताणायची, पातं ओढायचं, वाटीत बुडवायचं, कागदावर दोन्ही अंगांनी पुसायचं. डावा गाल झाला. केस कर्र वाजतो त्यावर कान ठेवून तो चालला होता.

"काल घाटात दोन ट्रक..." रावजीने सुरुवात केली.

"बोलू नका हो! तोंड हाललं की गळा हालतो," ठकूबाई दारातून ओरडली. ती मान पुढे काढून उभी होती. तिच्याकडे न बघताही रामाला ते जाणवत होतं.

कागद फेसाने भरला. त्याने उलटून नवी घडी वर घेतली. हनुवटी वर केली. बोटाने गळ्याची नस चाचपली, ती टुकटुक उडत होती. तिच्या बाजूने पातं अलगद खाली ओढलं. वाटीत बुडवलं. कागदावर पुसलं.

कागदावर लाल.

रामाने डोळे बारीक केले. बाजूला परत पुसलं. तिथेही लाल.

"वैनी! तुरटी! फडकं आणा!" वस्तरा लांब फेकून त्याने तळवा रावजीच्या गळ्यावर दाबून धरला.

"काय झालं रे?" रावजीचा आवाज फाटला.

"बोलू नको. तुझ्या पाया पडतो, बोलू नको."

ठकूबाईने आधी शेजारच्या भरतला हाक मारली, "रिक्षा काढ रे, महाडला न्यायचंय!" मग धावत येऊन रामाचा हात झटकला आणि पदराने गळ्यावरचा फेस पुसला. गळा पुसला, परत पुसला. कुठे काही नाही. तिने कागद उचलला.

"भावजी, ह्ये काय हाय?"

"रक्त."

"ह्ये लाल लुगडं हाय. दसऱ्याच्या सेलच्या जाहिरातीतलं. नेसून बाई उभी हाय हातभर."

खाली भरतची रिक्षा धडधडायला लागली होती. ठकूबाईने तीन बोटं रामासमोर धरली.

"नका दाखवू वैनी," रामा म्हणाला. "हात दिसतोय. बोटं नाय दिसत."

"कधीपासून?"

"होळी."

"म्हंजे सात महिने आमच्या ह्यांचा गळा..." ती उंबऱ्यावर बसली.

"खरचटलं का गो एकदा तरी?" रावजी म्हणाला.

"तुम्ही गप बसा! तुमच्यावर तर मी नंतर येते!"

रामाने चाचपडत वस्तरा शोधला. वाटीत धुतला, आपल्या तळव्यावर पुसला, मिटला. बायकोलासुद्धा कधी शिवू न दिलेला तो वस्तरा त्याने ठकूबाईच्या हातात ठेवला.

"घरी सांगायला माझं तोंड उघडत नाय. दिसायला लागलं तर परत द्या."

ठकूबाईने वस्तरा पदराच्या गाठीत बांधला आणि उठली.

"रिक्षा निघालीच हाय. महाडला डोळ्याचा डॉक्टर हाय. चला. सुनेला मी सांगते."

रामा पायरी चाचपत उतरला. मागोमाग रावजीही निघाला, उजव्या गालावर फेस तसाच.

"तुम्ही कुठं, अर्ध्या दाढीने?"

"तो एकटा घाबरंल गो."

भरतने मागे वळून तिघांकडे बघितलं. "काकी, पेशंट कोण?"

"चालव तू," ठकूबाई म्हणाली, आणि दोघांच्या मधे बसली.