नवरदेवाच्या गाडीचा टॉर्क कन्व्हर्टर

माझा हात लागेपर्यंत मामांची गाडी फक्त थरथरत होती. बाकी ती उत्तम होती. हे मी सुरुवातीलाच कबूल करून टाकतो, कारण नंतर कबूल करायची संधी मला बऱ्याचदा मिळाली आणि मी ती प्रत्येक वेळी सोडली.

मामा खानदेशातल्या म्हसावदचे. केळी आणि ऊस. मी नववीत नापास होऊन शाळा सोडली तेव्हा घरात दोन महिने माझ्याशी कोणी धड बोलत नव्हतं. मामा आले, त्यांनी मला पुण्याला नेलं आणि गिअरबॉक्स दुरुस्त करणाऱ्या एका वस्तादांसमोर उभं केलं. पोराचा हात चांगला आहे, एवढंच ते म्हणाले. (याचा तोवर काहीही पुरावा नव्हता. पुढे जो मिळाला तो उलट बाजूचा.) आज घरापासून इतक्या लांब मी दोन वेळचं जेवतो ते त्या एका वाक्यावर. म्हणून मामांचा फोन आला की मी उभं राहूनच बोलतो. गाडीखाली असलो तर बाहेर येऊन उभा राहतो.

तर मामांनी सुरतेहून एक जुनी जर्मन गाडी आणली. सहा सिलिंडरची, मागच्या चाकांवर पळणारी, ऑटोमॅटिक. सीटांना भेगा पडल्या होत्या, पण इंजिन सुरू झालं की अजूनही शेजारच्या गोठ्यातल्या म्हशी मान वर करायच्या. मामांचा मुलगा विलास याच गाडीतून लग्नाला जाणार हे ठरलेलं होतं. मुलगी नंतर ठरली.

लग्नाला पंधरा दिवस असताना मामांचा फोन आला. गाडी साठच्या पुढे गेली की थरथरते, येऊन बघशील का? मी उभ्या उभ्या सांगितलं की टॉर्क कन्व्हर्टर गेलाय. हा म्हणजे भोपळ्याएवढा लोखंडी डबा. ऑटोमॅटिक गाडीला क्लच नसतो, त्याच्याऐवजी हा डबा इंजिनाची ताकद आतल्या तेलातून गिअरबॉक्सला पोचवतो. मामा म्हणाले, होता तसा करून दे.

होता तसा! तिथेच थांबायला हवं होतं. पण ज्या माणसाने मला माणसात आणलं त्याला मी 'होता तसा' कसा करून देणार? गॅरेजात एक शर्यतीच्या गाडीचा कन्व्हर्टर पडून होता. गिऱ्हाईक परत आलंच नव्हतं. हा कन्व्हर्टर इंजिनाचे फेरे खूप वर चढल्याशिवाय पकडतच नाही, आणि पकडतो तेव्हा गाडी उडी मारते. वस्तादांनी तो मला देताना विचारलं, मामा गाडी कशासाठी वापरणार? मी म्हणालो, पळवायला. मग वेगळा ऑइल कूलर लाव, ते म्हणाले, नाहीतर हळू चालवताना तेल उकळेल. मी हो म्हणालो. कूलर मागवलाही. तो लग्नानंतर चौथ्या दिवशी आला.

ट्रॅक्टरच्या शेडमध्ये चेन ब्लॉक, म्हणजे साखळीची कप्पी, लावून मी दोन दिवसांत गिअरबॉक्स उतरवला आणि चढवला. मामा पांढऱ्या कपड्यांत माझ्याजवळ बसून नटबोल्टांचं ताट सांभाळत होते, जसं काही पूजेचं आहे. मामी चहा घेऊन आल्या आणि त्यांनी विचारलं, हे असलं आधी किती वेळा बसवलंय? आठ-दहा वेळा, मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. आठ-दहा वेळा वस्तादांनी बसवलं होतं, उजेडाला बॅटरी मी धरली होती.

शहाद्याच्या रस्त्यावर गाडी अशी सुटली की मामांची टोपी मागच्या सीटवर गेली. मामा हसले. त्यांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांनी ओळखीच्या प्रत्येक दारासमोर गाडी थांबवली आणि प्रत्येकाला भाच्याचं कौतुक ऐकवलं. दहावी पास झालो असतो तरी एवढ्या लोकांना कळलं नसतं.

लग्न कळसाडीला, मुलीकडे. भर वैशाखातली दुपार. कळसाडीपर्यंत गाडी वाऱ्यासारखी आली. चालवायचा मान मामांनी मलाच दिला होता. मागे विलास, बाशिंग बांधून, शेजारी त्याची आत्या. आणि मग गावाच्या तोंडाशी डीजे उभा होता.

आता आमच्याकडची वरात ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगायला हवं. ती चालत नाही. ती उभी राहते आणि अधूनमधून एक पाऊल सरकते. नवरदेवाची गाडी नाचणाऱ्यांच्या मागे, नाचणारे डीजेच्या मागे, आणि डीजेवाल्याला घरी जायची घाई नसते. मारुतीच्या पारापासून मांडवापर्यंत हाकेचं अंतर, त्याला अडीच तास. हे मला जन्मापासून माहीत आहे. अशा असंख्य वरातींत मी स्वतः नाचलोय. आणि तरीही मी त्या वरातीसाठी शर्यतीचा कन्व्हर्टर बसवला होता!

पहिल्या अर्ध्या तासात मला कळलं. पाय हलका ठेवला तर गाडी हलत नाही. दाबला तर इंजिन गरजतं आणि तरी गाडी हलत नाही. माझं गरजणं ऐकून पोरांना वाटलं मी तालावर साथ देतोय. ती गाडीपुढे लोळून नाचू लागली. डीजेवाल्याने खूश होऊन आवाज वाढवला. मी आणखी दाबला. कन्व्हर्टरने पकडलं, गाडीने हातभर उडी मारली, मी ब्रेक मारला, आणि विलासचं बाशिंग माझ्या मानेत घुसलं.

'गाडी चालावस का बैल?' विलास मागून म्हणाला.

त्यानंतर जळक्या तेलाचा वास आला. आत्याबाईंना वाटलं मांडवात भजी करपली. मग बोनेटच्या मागून, सीटखालून, चाकांतून पांढरा धूर निघाला. नाचणाऱ्यांना तो डीजेचा धूर वाटला आणि त्यांनी शिट्ट्या मारल्या. आत बसलेले आम्ही तिघे खोकत होतो. शेवटी आत्याबाई पदर नाकाला लावून खाली उतरल्या तेव्हा कुठे गाणं थांबलं.

मग जे आपल्याकडे होतं ते झालं. 'धक्का मारा रे!' वीस जणांनी धक्का मारला. ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू होत नाही, आणि हिचं इंजिन तर सुरूच होतं. मी खिडकीतून तेच सांगत होतो, पण मला कोण विचारतो? मुलीच्या वडिलांनी इंजिन बंद करायला लावलं आणि घरचा उसाचा ट्रॅक्टर आणून साखळी लावली. आता हे मात्र मला पक्कं माहीत होतं की इंजिन बंद ठेवून, मागची चाकं जमिनीवर टेकवून ही गाडी ओढली तर गिअरबॉक्समध्ये तेल फिरत नाही आणि उरलंसुरलं सगळं घासून मरतं. मी म्हणालो, ओढू नका. एकदा म्हणालो. हळू म्हणालो. मुलीच्या वडिलांना हटकणारा मी कोण, नववी नापास?

नवरदेवाला व्याह्यांच्या ट्रॅक्टरने ओढत मांडवात आणलं. सुतकात असावं तशी वरात मागून चालत होती.

मांडवाच्या दारात मुलीच्या वडिलांनी मामांना हसत हसत विचारलं की एवढी भारी गाडी आणि असं कसं झालं. मामा माझ्याकडे पाहत नव्हते. मला वाटलं, आता माझं नाव येणार. आलंच पाहिजे होतं. मी खाली मान घालून तयार उभा राहिलो.

'त्या सुरतवालानी मले फसाडं,' मामा म्हणाले. 'मन्हा भाचानी त एक नंबर करेल व्हती.'

मी मान वर केली. मी बोलू शकलो असतो. मी मान हलवली, म्हणजे हो, फसवलं बिचाऱ्यांना. मामांनी तिथूनच सुरतवाल्याला फोन लावला. नंबर सापडत नव्हता, तो मी शोधून दिला. अक्षता पडायच्या आधी मामांनी त्या माणसाला जे ऐकवलं ते लग्नाच्या व्हिडिओत सनईच्या वर ऐकू येतं.

मी पुण्याला परतलो. रोज ठरवायचो, आज सांगायचं. फोन यायचा, मी उभा राहायचो, मामा म्हणायचे, काळजी करू नको, तू जेवलास का, सुरतवाल्याला मी सोडत नाही. मी म्हणायचो, सोडू नका. तिकडे तो सुरतवाला दर आठवड्याला शिव्या खात होता आणि इकडे माझा भात घशाखाली उतरत नव्हता. (दोन्ही पोळ्या मात्र उतरायच्या.)

महिन्याभराने सुरतवाल्याने कंटाळून आपला मेकॅनिक म्हसावदला पाठवला. मामांनी त्याला माझा नंबर दिला, म्हणजे काही अडलं तर पुण्याच्या भाच्याला विचार. त्याने गिअरबॉक्स खोलून मला फोन केला. माणूस सभ्य होता. हिंदीत बोलत होता. आत शर्यतीचा कन्व्हर्टर आहे, कूलर नाही, तेलाचा कोळसा झालाय, असं त्याने एकेक सांगितलं. मी प्रत्येक गोष्टीवर 'अरेरे' म्हणालो. मग त्याने विचारलं, 'ये डाला किसने, भाई?'

महिनाभर ज्या प्रश्नाची मी वाट पाहत होतो तो हा. परक्या माणसाला सांगणं तर किती सोपं. एकच शब्द: मैंने.

'पता नहीं भाई,' मी म्हणालो. 'होगा सुरत का ही कोई.'

 पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग अगदी जवळून, शांत आवाजात मामा बोलले.

'भाचा, फोन स्पीकरवर शे.'

मी गाडीखालून बाहेर आलो, उभा राहिलो, घसा साफ केला आणि विचारलं, 'मामा, मामीनी तब्येत कशी शे?'

मामींची तब्येत चांगली होती.