उभं राहिलेलं कासव

“लाईट गेली म्हणून गोष्ट जाती व्हय?” असं म्हणून चाची शिलाई मशीनचं चाक तळहातानं थांबवायच्या, सुई कापडात तशीच रुतलेली ठेवायच्या आणि आमच्याकडे तोंड करून बसायच्या. समोर विझलेला टीव्ही आणि हिरमुसलेली आम्ही आठ-दहा पोरं.

तुमच्याही आळीत असं एखादं घर असणारच, जिथं टीव्ही सगळ्यांच्या आधी आला. भोरला एसटी स्टँडमागच्या आमच्या आळीत ते घर चाचींचं होतं. चाचा टेम्पो चालवायचे. चाची आळीतल्या सगळ्या बायकांची झंपरं शिवायच्या. कुणाचं माप त्यांना लिहून ठेवावं लागलं नाही. बाई दारातून आत आली की तिच्याकडे नुसतं बघून म्हणायच्या, “मागच्यापरीस दोन बोटं सुटलीस गं.” आणि ते खरं असायचं.

रविवारी सकाळी एक कार्टून मालिका लागायची. होती परदेशातली, बोलणं मागाहून हिंदीत घातलेलं. नाव लांबलचक होतं, म्हणून आम्ही तिला ‘कासववाली’ म्हणायचो. धुक्याच्या समुद्रात एक प्रचंड कासव पोहत असतं. त्याच्या पाठीवर एक अख्खं गाव. त्या गावातली एक मुलगी आणि गावातले दिवे चोरायला येणारा एक काळा सरदार. मुलीचा झगा लाल आहे, असं चाचींनी आम्हाला सांगितलं होतं. टीव्ही ब्लॅक अँड व्हाईट होता. त्यांना लाल कसा दिसला, हे विचारायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही.

हिंदी आम्हाला धड कळायची नाही. चाचींना येत असेल असं आम्ही धरून चाललो होतो. त्या हसायच्या. “म्या कुठली हिंदीवाली? म्या हिर्डोशीकडची. शाळंत तुमच्यासारखीच मराठी चौथी.” तरीही त्या मशीन चालवता चालवता आम्हाला सगळं समजावून सांगायच्या. त्यांचा काळा सरदार तलाठ्यासारखा खाकरायचा. दिवा परत मागायला आलेल्या मुलीला म्हणायचा, “अर्ज लिहून आणलाय का?”

आणि भोरची लाईट तर ऐन रंगात आलं की जायचीच. मग पुढचा भाग चाचींचा. पंखा बंद, मशीन बंद, पोरं गप्प. लाईट परत येईपर्यंत टीव्हीवर भलतंच काहीतरी चालू झालेलं असायचं, पण आमचं काही राहून गेलं असं आम्हाला कधी वाटलं नाही. मी तेव्हा पाचवीत होते आणि चाचींच्या अगदी पायाशी बसायचे.

एका रविवारी लाईट सुरुवातीलाच गेली. त्या दिवशी चाचींनी मशीनवरचं कापड काढून आधी त्याची घडी घातली. मग हळूच सुरू झाल्या. धुकं वितळलं आणि त्याचं पाणी झालं. पाणी कासवाच्या पाठीवर चढायला लागलं. पहिल्यांदा खालची शेतं गेली, मग विहीर गेली. माणसं भांडीकुंडी बांधायला लागली. तेव्हा ती मुलगी दोर धरून खाली उतरली, थेट कासवाच्या डोळ्यापाशी. म्हणाली, “आता काय करायचं?” कासव म्हणालं, “म्या लई म्हातारं झालो. पवायचं बळ न्हाई माझ्यात. पन म्या उभा ऱ्हाऊ शकतो.” आणि इतकी वर्षं पोहणारं ते कासव समुद्राच्या तळावर चार पाय रोवून उभं राहिलं. अख्खं गाव पाण्याच्या वर आलं. मुलीनं विचारलं, “किती दिवस उभा ऱ्हाशील?” कासव म्हणालं, “तुमी निजा. म्या हाय उभा.”

आम्ही पोरं रडलो. मी तर त्या रात्री आईला, आपलं घर कशाच्या पाठीवर आहे, असं विचारलं होतं.

पुढं मालिका संपली, घरोघरी टीव्ही आले, आम्ही मोठे झालो. बारावीनंतर मी पुण्याला कॉलेजात गेले आणि हॉस्टेलमध्ये राहायला लागले. तिथल्या मुलींमध्ये पहिलं वर्षभर मी तोंड उघडायला घाबरायचे. ‘न्हाई’ म्हटलं की कुणीतरी गालात हसायची. मी रोज आरशासमोर उभी राहून ‘नाही, नाही’ असं घोकायचे. तुम्हाला हे खोटं वाटेल, पण अशीच होते मी.

दुसऱ्या वर्षी माझ्या खोलीतल्या शर्वरीनं कुठूनतरी कासववालीच्या सगळ्या सीड्या मिळवल्या. लहानपणी ती मालिका बघितलेल्या आम्ही सहा-सात जणी निघालो. रविवारी दुपारी जेवण झालं की एकाच कॉम्प्युटरसमोर दाटीवाटीनं बसायचो. सुरुवातीचं संगीत लागलं की सगळ्या एका सुरात गायच्या. कुणी डोळे पुसायची, कुणी संवाद आधीच म्हणून दाखवायची. पहिल्यांदा मला त्यांच्यातलं झाल्यासारखं वाटलं.

मुलीचा झगा हिरवा निघाला.

शेवटची सीडी जवळ आली तशी मी सांगायला लागले, “थांबा, कासव उभं राहतं तो भाग अजून यायचाय.” कुणालाच तो आठवेना. सीड्या संपल्या. तसा भाग कुठंच नव्हता. मी भांडले, एखादी सीडी गहाळ असेल म्हणाले. शर्वरीनं भाग मोजून दाखवले. “कासव उभं राहिलं?” ती म्हणाली. “कशाला, एसटीची वाट बघत होतं?”

सगळ्या लोळून हसल्या. माझे कान तापले. आपल्याला जे सगळ्यात जास्त आठवतं, ते घडलंच नव्हतं. त्या रविवारी भोरला लाईट गेली होती, हे तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं.

मी त्यांना एवढंच सांगू शकले असते. पण मला निराळाच मार्ग सुचला. मी ओढणी डोक्यावर घेतली, एक हात मशीनच्या चाकावर असल्यासारखा धरला आणि चाचींच्या आवाजात सुरू केलं. “म्या लई म्हातारं झालो. पवायचं बळ न्हाई माझ्यात.” शर्वरीच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून हसून. त्या हसण्यात मी सुटले, कारण आता हसं माझं होत नव्हतं. जी बोली मी आरशासमोर उभी राहून खरवडून काढत होते, तीच दुसऱ्याच्या नावावर घातल्यावर चालत होती. त्यानंतर वर्षभर कुणाचा वाढदिवस असो की परीक्षा संपलेली असो, ‘कासव कर, कासव कर’ अशी फर्माईश व्हायची. मी दर वेळी नवं काहीतरी जोडायचे. चाचींचं खाकरणं, पदर सावरणं, बोलताना मधेच सुईत दोरा ओवणं. नक्कल फार छान जमायची मला.

तिसऱ्या वर्षी शर्वरी आणि अजून एक मैत्रीण वेल्ह्याला तोरणा बघायला आल्या आणि मुक्कामाला आमच्याकडे भोरला आल्या. सकाळी शर्वरी म्हणाली, “तुझ्या चाचींना भेटायचंच.” तिनं सीड्या सोबत आणल्या होत्या. चाचींच्या मुलानं सीडी प्लेअर घेतला होता, हे मला माहीत होतं. मी नको म्हणू शकले असते.

चाचींना इतका आनंद झाला की काय करू आणि काय नको असं त्यांना झालं. शिरा केला, चहा केला. शिवायला आलेली कापडं बाजूला सारून पोरींना बसायला चादर अंथरली. “माझी पोरगी पुण्याहून आली,” असं शेजारणीला दारातूनच ओरडून सांगितलं. टीव्ही आता रंगीत होता. सीडी लावली तेव्हा त्या आमच्याबरोबर खालीच बसल्या, गुडघे जवळ घेऊन.

“अगं बया, हिरवा व्हय झगा,” एवढंच त्या म्हणाल्या.

लाईट त्या दिवशी गेली नाही. भाग पूर्ण झाला. शर्वरी अगदी गोड आवाजात म्हणाली, “चाची, पण ते कासव उभं राहतं ते कुठंय?”

“असंल पुढं.”

“पुढं नाहीये. आम्ही सगळं बघितलंय.”

चाचींनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात काही तक्रार नव्हती. ‘सांग की गं तूच’ असं काहीतरी होतं. मैत्रिणीही माझ्याकडेच बघत होत्या. आणि मी, चाचींच्या घरात, त्यांच्याच चादरीवर बसून, डोक्यावर ओढणी घेतली आणि म्हणाले, “चाची, लई फसवलंत बगा आमाला.” त्यांच्याच आवाजात. खाकरण्यासकट.

दोघी मैत्रिणी एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. चाची क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग पदर तोंडाला लावून त्याही हसल्या. “व्हय बाई, लई खोटं बोलले म्या.”

हसणं ओसरल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, “आन तू पुण्यात समद्यांस्नी सांगितलंस व्हय, कासव उभं ऱ्हातं म्हणून?”

“हो.”

“मग हसल्या आसतील तुला.”

मी डोक्यावरची ओढणी खाली घेतली.

“माझ्यामुळं तुझं हसं झालं गं पोरी,” चाची म्हणाल्या. “म्या अडाणी बाई, तुमचा येळ जावा म्हणून कायबाय सांगायचे. तुमी ते मनात धरून ठेवाल असं मला ठावं न्हवतं. माफ कर, बाय.”

त्यांनी खरोखर हात जोडले. मी त्यांचे हात खाली घेतले नाहीत. ‘चला, बस चुकेल’ असं मी मैत्रिणींना म्हणाले. बसला अजून दीड तास होता.

पुढं कधीतरी आईनं फोनवर सहज सांगितलं की चाचींची नातवंडं त्यांच्या मागं लागतात, पुढं काय झालं ते सांग म्हणून. चाची म्हणतात, “मला न्हाई ठावं रं. लाईट आली की बगा.” आई म्हणाली, “आता वय झालं त्यांचं, सुचत नसेल.” मी विषय बदलला.

भोरला मी येत-जात होते. पण स्टँडवरून घरी जायला लांबचा रस्ता धरायचे. बाजारात बैलगाडीइतक्या संथ चालीनं चाची समोरून येताना एकदा दिसल्या, तर मी मेडिकलच्या दुकानात शिरले आणि गरज नसताना डोकेदुखीच्या गोळ्या घेतल्या. माझ्या लग्नाचं झंपर मी पुण्यात शिवून घेतलं. आमंत्रणाला आई गेली होती. चाचींनी आईला विचारलं म्हणे, “माप द्यायला यायची न्हाई का ती?”

चाची वारल्या तेव्हा मी बाळंतपणाला होते. भेटायला गेले ती दोन महिन्यांनी. चाचांनी टेम्पो चालवणं केव्हाच सोडलं होतं. ते ओट्यावर बसले होते. मला बघून त्यांनी आतून सतरंजी मागवली, चहा सांगितला. मी माझं बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग ते म्हणाले, “तुला एक इचारायचं व्हतं.”

मला वाटलं, आता.

“तू शाळंत व्हतीस तवाची गोष्ट. हिच्या माहेरचं गाव धरणाच्या पाण्यात जायचं व्हतं. शनिवारी आमी दोघं टेम्पो घिऊन तिकडं गेलो, हिच्या आईचं घर उतरवलं. वासे, कौलं, दाराची चौकट, समदं भरून आणलं. येताना ही एक शबूद बोलली न्हाई. रडली पन न्हाई. मला काळजीच पडली. दुसऱ्या दिशी म्या भाड्यावरनं आलो, तर ही हसतीय. म्हणली, आज पोरांस्नी लई झाक गोष्ट सांगितली. म्या म्हणलं, मला सांग. तर म्हणली, माझ्या पायाशी बसती त्या पोरीला इचारा, तिची पाठ झालीय बगा.” चाचा थांबले. “त्ये इचारायचं ऱ्हाऊनच गेलं. काय गोष्ट व्हती गं ती?”

मी सांगायला लागले. धुकं वितळलं आणि त्याचं पाणी झालं. एवढं सांगितलं आणि अडले. पुढचं माझ्या आवाजात येईचना. मधल्या वर्षांत ती गोष्ट मी एकाच प्रकारे सांगितली होती. दुसऱ्या कशाही प्रकारे ती माझ्यापाशी उरलीच नव्हती. मी दोनदा प्रयत्न केला. चाचा वाट बघत होते.

शेवटी मी मान खाली घातली आणि त्या आवाजात बोलले. “म्या लई म्हातारं झालो. पवायचं बळ न्हाई माझ्यात. पन म्या उभा ऱ्हाऊ शकतो.”

आतून नातवंडं धावत बाहेर आली. “दादीचा आवाज!” सगळ्यात धाकटी म्हणाली आणि माझ्यामागं कुणी आहे का ते वाकून बघायला लागली.

मी गोष्ट शेवटपर्यंत नेली. खाकरणंही आलं, कारण ते आल्याशिवाय पुढचं वाक्य येत नव्हतं. चाचांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हात बाळाला धरण्यात गुंतलेले, त्यामुळे त्यांना ते पुसताही येत नव्हतं.

“हुबेहूब,” ते म्हणाले. “लई जीव व्हता तुझा तिच्यावर. त्याबिगर असं येत न्हाई.”

हा आवाज मी कुठं शिकले, कुणासमोर आणि कशासाठी, यातलं एक अक्षर माझ्या तोंडून निघालं नाही. चहा आला. मुलं माझ्या गुडघ्याशी सरकून बसली होती.

“पुन्यांदा सांग,” चाचा म्हणाले.

मी पुन्हा सांगितली.