उंदराचा गुडघा

लातूर नवं नवं जिल्हा झालं तेव्हा कलेक्टर आले, दिव्याची गाडी आली, पाणी मात्र आलं नाही. त्या दुष्काळात माझी माय एसटीने नांदेडला माझ्याकडे आली ती धुण्याचं गाठोडं घेऊनच. दारातच म्हणाली, "तुझ्यासाठी न्हाई आले. नळासाठी आले."

मी तेव्हा एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत उंदरांवर काम करायचो. नातेवाइकांत माझी ओळख मोठा संशोधक अशी होती. ती मीच पसरवली होती. काम एवढंच: पांढऱ्या उंदराच्या शेपटीच्या शिरेत जंतू टोचायचे आणि गुडघे किती सुजले ते बघत राहायचं. आम्ही बौद्ध माणसं. रविवारी विहारात पंचशील म्हणायचो. त्यात जीवहत्या न करण्याचं शील पहिलंच. तेवढं मी जरा तोंडातल्या तोंडात म्हणायचो.

मायला माझे उंदीर बघायचे होते. तिचा उजवा गुडघा वाकत नाही. पोरवयात ताप आला, गुडघा सुजला, पू झाला; जीव राहिला, सांधा आखडला. कॉलेजचा जिना ती पाय बाजूला फेकत चढली.

मी भाव खात समजावलं. जंतू सांध्यात शिरले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून जातात, जंतू मारतात आणि त्या झटापटीत सांधाही नासवतात. काही उंदरांत आम्ही औषधानं या पेशींचाच जोर कमी करतो. मग गुडघा कमी सुजतो, पण जंतू रक्तभर होतात आणि उंदीर जातो.

"गावात पोलिस आल्यासारखं," माय म्हणाली. "चोर बी जातो, कोंबड्या बी जातात."

मग तिला कडेच्या पिंजऱ्यातला उंदीर दिसला. अंगाचा गोळा, केस उभे, मागचा गुडघा वाटाण्याएवढा. पाण्याची बाटली वर उलटी टांगलेली. तो तोटीकडे मान करायचा, मागच्या पायांवर उठायला जायचा आणि बसायचा.

"ह्याला पाणी दे की."

"देता येत नाही माय. एकाला पाजलं तर प्रयोग बिघडतो."

"वरून टांगता, अन् पोचंल त्यानं प्यावं?" तिचा आवाज खाली आला. "तापात मी अशीच विहिरीपाशी बसले होते. आम्हाला शिवायची बंदी. वरून ओतणारं कोणी येईस्तोवर जीभ चिकटली होती."

मी काही बोलायच्या आत तिने पिंजऱ्याचं झाकण उघडलं, तोटीला बोट ओलं केलं आणि त्याच्या तोंडाला लावलं. तो बोट चाटत राहिला. तेवढ्यात प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर आले. सर भला माणूस, आवाज कधी चढवायचे नाहीत.

"पाजा मावशी, पोटभर पाजा. हा आता हिशेबातून गेला."

"मग ह्याला मारू नका साहेब."

"बघू," सर म्हणाले.

त्याच दिवशी त्याची बाटली मी खाली बांधली. उंदीर जगला. माय लातूरला परतली, पण मी सुट्टीला गेलो की माझ्या तब्येतीआधी त्याची विचारायची. "चालतो का?" मी म्हणायचो, "चालतो, तुझ्यासारखाच, पाय फेकत." ती खूश व्हायची. शेजारणीला सांगायची, "नांदेडला माझा एक लंगडा हाय." शेजारीण माझ्याकडे बघायची.

त्याच्या गटातले बाकीचे मेले. सरांना वाचलेल्याचा सांधा आतून कसा दिसतो ते बघायचं होतं. मी आठवण दिली, हा तर हिशेबात नाही. सर हसले. "हिशेबात नसला तरी गुडघा आहे ना त्याला?"

मान मीच मोडली. हात बसलेला होता. त्याला माझी सवय झाली होती, पळाला नाही. आत सांधा सांध्यासारखा राहिलाच नव्हता, हाडाला हाड चिकटलेलं. सर म्हणाले, सुंदर.

पुढच्या सुट्टीत मायने विचारलं. खोटं बोलायची कला माझ्यात नाही, नाहीतर खरंच संशोधक झालो असतो. सांगितलं.

ती भाकरी थापत होती. आखडलेला पाय नेहमीसारखा समोर पसरलेला. तिने हात थांबवला नाही.

"गुडघा बघायसाठी मान मोडली?"

"हो."

तिने भाकरी तव्यावर टाकली, पिठाच्या हातानं लुगडं गुडघ्यावर सारलं आणि पाय माझ्याकडे सरकवला.

"हा कधी बघितला न्हाईस," ती म्हणाली. "घे. मान जेवायच्या आधी मोडतोस का जेवल्यावर?"