दोन कॅमेरे आणि चाकणचं गेट

थेरगावहून निघालो तेव्हा पाठीवरच्या पिशवीत दोन कॅमेरे होते. एक रोलचा, एक डिजिटल.

"दोन-दोन कॅमेरे," बायको दारातून म्हणाली, "आणि ठरत एकही नाही."

खरं होतं. एक ठेवायचा, एक विकायचा, एवढ्यासाठी मी कित्येक महिने घोळ घालत होतो. आज निकाल लावायचाच, असं ठरवलं होतं.

निमित्तही तसंच होतं. माझा थोरला भाऊ, दादा, चाकणच्या कंपनीतून आज निवृत्त होत होता. त्याच्याबरोबरच कामाला लागलेले चौघे अजून तिथेच आहेत. त्याची मागणी एकच: पाचही जणांचा गेटबाहेर एक फोटो. आत जाताना गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्याला चिकटपट्टी लावतात, आणि पाळी (शिफ्ट) सुटली की कंपनीच्या बस चार दिशांना पळतात. इतकी वर्षं एकत्र राबून त्यांचा एकत्र फोटो नाही.

डांगे चौक पार करण्यातच अर्धा जीव गेला. तळवड्याच्या पुढे एका कारखान्याच्या भिंतीलगत कुणीतरी मेथी लावली होती. वर पत्र्याची शेड, खाली हिरवागार वाफा. गाडी कडेला घेतली आणि कुठला कॅमेरा काढावा याचा विचार करत उभा राहिलो. मागून टेम्पोवाला ओरडला, "काका, जमीन बघताय का? विकली गेली ती." मेथीचा फोटो राहिला. असा माझा छंद.

महाळुंग्यापासून कंटेनरच्या मागे रांगत चाकणला पोचलो. मिसळ खाल्ली. तर्री (रश्श्यावरचा तिखट तवंग) बोटांना लागली होती आणि पाळी सुटायची वेळ झाली होती. तशाच बोटांनी घाईत रोल भरला. हॉटेलवाला बघत होता.

"ह्यात लगेच दिसतो का फोटो?"

"नाही. धुवायला पाठवावा लागतो."

"मग निघाला हे कशावरून?"

मला त्याचा राग आला. रोलमध्ये जीव असतो वगैरे त्याला ऐकवून मी निघालो.

गेटबाहेर दादा उभा होता. गळ्यात हार, हातात नारळ, काखेत शाल आणि पायाशी भेट मिळालेली चाकांची बॅग. चौघेही आले. बस घरघरत होत्या. मी रोलचा कॅमेरा काढला.

"साधा काढ की," दादा म्हणाला. "बस सुटतील."

"थांब रे. हा फोटो टिकणारा पाहिजे."

ऊन मोजलं, मागे सरकलो, पुढे आलो. चौघांतले साळुंखे म्हणाले, "आमचीही रिटायरमेंट होईल, भावा." शेवटी चार फोटो काढले. तोवर गेटवरचा गार्ड धावत आला. पन्नाशीचा, बोलणं लातूरकडचं.

"साहेब, फोटू काढायचं न्हाई इथं. कंपनीचा बोर्ड येतोय मागं. दाखवा काय आलंय ते."

"दिसत नाही ह्यात. रोल आहे."

"मंग उघडा. वरून विचारलं तर मी काय सांगू?"

डिजिटल असता तर दाखवला असता, विषय संपला असता. उघडलं तर उजेडानं सगळे फोटो जातील, म्हणून मी हुज्जत घातली. तो ऐकेना. बसचे हॉर्न वाजायला लागले. शेवटी मी मागचं झाकण उघडलं.

आत पाहिलं. रोलची जीभ (पुढचं टोक) रिळातून निसटलेली होती. म्हणजे कॅमेरा नुसता खटखट करत होता, रोल जागचा हललाच नव्हता. त्यावर एकही फोटो नव्हता. गार्ड आला नसता तरी नव्हता.

मी झाकण लावलं आणि तोंड पाडून म्हणालो, "गेलं सगळं."

चौघे गार्डवर तुटून पडले. दादा, जो कधी कुणाला अरे म्हणत नाही, तो म्हणाला, "एका फोटोनं तुमची कंपनी बुडणार होती का?" गार्ड गेटकडे वळला. चौघे बसकडे पळाले. मी पिशवी आवरत राहिलो.

परतीला नाशिक रस्ता धरला. दादा मागे, मधे ती बॅग. वाटभर तो गार्डला बोलत होता आणि प्रत्येक शब्द माझ्या पाठीत बसत होता. इंद्रायणीच्या पुलाअलीकडे मी चहाला थांबलो आणि सांगून टाकलं.

दादानं चहा संपवला. "तेव्हा का नाही बोललास?"

"लाज वाटली. एवढ्या कौतुकानं काढला होता कॅमेरा."

"लाज तुझी, आणि शिव्या त्यानं खाल्ल्या." तो उठला. "गाडी वळव."

पुन्हा तेच कंटेनर, तीच धूळ. गार्ड गेटवरच होता. दादा माझ्याकडे बघत राहिला, म्हणून मीच बोललो. माझाच रोल नीट बसला नव्हता, तुमच्यामुळे काही गेलं नाही.

गार्डनं टोपी काढून डोकं पुसलं. "जेवायचा डबा उघडला व्हता. ह्यांचंच त्वांड दिसाय लागलं समोर. तसाच झाकून ठिवलाय." मग दादाला म्हणाला, "सुखानं जावा आता."

दिघीला दादाला सोडलं. दारात तो एवढंच म्हणाला, "त्या चौघांना आजच सांग. मी नाही सांगणार."

घरी पोचेपर्यंत रोल की डिजिटल हा प्रश्न मिटला होता. रोलचा विकतोय. दोष त्याचा नाही. पण त्यात काय आलं ते कुणाला दिसत नाही, आणि अशा जागी मी खरं बोलत नाही, हे मला कळलं.

मग फोन केले. तिघांनी मनसोक्त शिव्या दिल्या आणि हसले. साळुंखे हसले नाहीत.

"माझ्या लग्नातसुद्धा एक फोटो धड नाही," ते म्हणाले. "दरवेळी डोळे मिटतात. आज चारही वेळा उघडे ठेवले होते, राव."