उलटा चालणारा शेजारी

आमच्या बाळकुमच्या मिठागरात तो लाकडी फावड्याने मीठ ओढायचा, मागे मागे सरकत. मग अंगावरून वारं गेलं आणि डावा पाय मेला. सरळ चालला की पडायचा. उलटा मात्र त्याच फावड्यावर भार टाकून तुरुतुरु जायचा. देवळातही पाठमोराच शिरायचा.

"देवाला पाठ दाखवतोस रे?"

"निघताना तोंड त्याच्याकडंच असतं की!"

माझी बायको गेली. मडकं धरून पुढे मी. मडकं धरणाऱ्याने मागे वळून बघायचं नसतं. माझ्याही पुढे हा, तिरडीकडे तोंड करून उलटा चाललेला. लोक फिदीफिदी हसले.

मी हळूच विचारलं, "दिसते का रे ती?"

"दिसते. कुंकू ठसठशीत हाय. तू चाल, मी बघतोय वहिनीकडं."